अपघातातल्या जखमीला मदत करताय? घाबरू नका, कायदा काय सांगतो ते वाचा

नातेपुते : आळंदी-पंढरपूर पालखी महामार्ग नातेपुते, माळशिरस भागातून जातो. रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते, पण "पोलीस केस हाय, हात लावू नका" म्हणत माणसं मागं सरतात. अपघातानंतरचा पहिला एक तास जीव वाचवण्यासाठी सर्वात मोलाचा. कायद्यात त्याला 'गोल्डन अवर' म्हटले आहे.

१०८ काय आहे?
राज्यात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ गाड्यांत गंभीर रुग्णांसाठीची जादा यंत्रसामग्री होती. फोन लावल्यावर गाव, रस्ता, जवळची खूण (मंदिर, पेट्रोल पंप, फाटा) आणि जखमी किती ते सांगा. फोन चालू ठेवा. गरोदर माता व बाळांसाठी १०२ आहे. पोलिसांसाठी ११२ लावा.

मदत करणाऱ्याचे हक्क
मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ घालण्यात आले. चांगल्या हेतूने, स्वतःहून आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करताना चूक झाली, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती करता येत नाही. दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे.

डॉक्टरांची जबाबदारी
"आधी पोलिसांचा कागद आणा" असे म्हणून उपचार लांबवता येत नाहीत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जीव वाचवण्यासाठी लगेच उपचार केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये बदल झाला. त्यानुसार खासगी दवाखान्यांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे.

खर्चाचे काय?
केंद्राच्या मे २०२५ च्या योजनेनुसार वाहन अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळतात.

गाडी येईपर्यंत
बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. मान, पाठ हलवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. आणि १०८ लावायला दुसऱ्याची वाट बघू नका.