क्रिएटिन (पूरक आहार)

क्रिएटिन हे पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात तयार होणारे नायट्रोजनयुक्त संयुग असून, अल्पकाळाच्या तीव्र व्यायामातील कामगिरी सुधारण्यासाठी ते पूरक आहार म्हणून घेतले जाते. हा परिणाम बहुतेक अन्य पूरकांच्या तुलनेत भक्कम पुराव्यांवर आधारलेला आहे. मात्र त्याची व्याप्ती मर्यादित आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी इ.स. १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून क्रिएटिन वेगळे केले. मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. मानवी शरीर ॲमिनो आम्लांपासून दररोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटिन बनवते. उर्वरित मांस व मासे यांतून मिळते. शरीरातील सुमारे ९५ टक्के साठा स्नायूंमध्ये असतो.

कार्य

स्नायूंच्या आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूपासून मिळते. पूर्ण जोर लावल्यास एटीपीचा साठा काही सेकंदच पुरेल इतका असतो. फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट गट देऊन तो तत्काळ भरून काढते, परंतु तेही साधारण १० सेकंदांत बरेचसे खर्च होते व विश्रांतीच्या काळात पुन्हा साठते. त्यामुळे वाढीव क्रिएटिनचा लाभ वजन उचलणे किंवा थोड्या विश्रांतीने लागोपाठ वेगाने धावणे अशा प्रकारांत दिसतो. मॅरेथॉनसारख्या दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात तो सहसा दिसत नाही. उलट स्नायूंत पाणी साठून वाढणारे १ ते २ किलो वजन धावपटूला जडच जाते.

मात्रा व प्रतिसाद

रॉजर हॅरिस व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले की तोंडावाटे घेतलेल्या क्रिएटिनमुळे स्नायूंतील साठा वाढतो, आणि ज्यांचा मूळ साठा कमी त्यांच्यात ही वाढ अधिक असते. शाकाहारी व्यक्तींचा साठा सामान्यतः कमी असल्याने भारतीय वाचकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. याउलट, ज्यांचे स्नायू आधीच भरलेले असतात त्यांना फारसा फरक जाणवत नाही. प्रचलित पद्धतीत ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅम व नंतर ३ ते ५ ग्रॅम घेतात. रोज केवळ ३ ग्रॅम घेतल्यासही सुमारे महिन्याभरात तितकाच साठा होतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट या स्वस्त रूपापेक्षा महागडी रूपे सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही.

सुरक्षितता

१९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगिरांच्या मृत्यूनंतर क्रिएटिनवर संशय घेण्यात आला होता. प्रत्यक्षात वजनगटात बसण्यासाठी अंगातील पाणी झपाट्याने घटवणे हे त्यामागील कारण असल्याचे चौकशीत आढळले. निरोगी व्यक्तींमध्ये शिफारस केलेल्या मात्रेने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसून आलेले नाही. तथापि क्रिएटिनचे रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होत असल्याने रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढू शकतो व मूत्रपिंडविकाराचा गैरसमज होऊ शकतो. म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना याची कल्पना देणे इष्ट. मूत्रपिंडविकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना ते घेऊ नये.

जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत क्रिएटिन नाही. परंतु पूरकांच्या डब्यात वेष्टनावर न छापलेली निषिद्ध द्रव्ये सापडण्याचे प्रकार घडलेले असल्याने स्पर्धेतील खेळाडूंना स्वतंत्रपणे तपासलेले उत्पादन निवडण्याची शिफारस केली जाते.