पानिपतची वार्ता : निरोप, वाट आणि विश्वास

जानेवारी १७६१ संपत आला होता. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे फौजेसह उत्तरेकडे चालले होते. वाटेत त्यांच्या माणसांनी एका कासदाला अडवले. तो सरकारी नव्हता, सावकारांचा होता. पानिपतहून निघून नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोचण्याच्या बोलीवर तो धावत होता, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात नमूद केले आहे. त्याच्याजवळच्या पत्रात वरवर पाहता व्यापारातली खोट कळवली होती. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची मोजदादच नाही, असा त्याचा आशय होता. नानासाहेबांना अर्थ सांगावा लागला नाही. दोन मोती म्हणजे थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. खुर्दा म्हणजे उरलेले सगळे, ज्यांची नावे कोणत्याच पत्रात येणार नव्हती.

हा प्रसंग शाळेपासून आपल्या कानांवर आहे. एक प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ज्याच्या नावाने अटकेपर्यंत फौजा गेल्या, त्या राज्याच्या कारभाऱ्याला घरच्या सर्वनाशाची बातमी सावकाराच्या चिठ्ठीतून का कळावी? पानिपतच्या पराभवाची कारणे सांगणारी पुस्तके भरपूर आहेत. रसद तुटली, यात्रेकरूंचा आणि बायकामुलांचा बोजा होता, तोफखाना आणि गनिमी कावा यांचा मेळ बसला नाही, ही कारणे खरीच आहेत. पण याच कहाणीत दुसरी एक कहाणी आहे : माणसाचे म्हणणे माणसापर्यंत कसे पोहोचते आणि कुठे अडते, याची.

कोणत्याही निरोपाला पाच गोष्टी लागतात. सांगणारा, सांगण्याची भाषा, वाट, ऐकणारा, आणि ऐकल्याची पोच. पाचवी गोष्ट आपण विसरतो, पण अठराव्या शतकातले कारकून विसरत नसत. त्या काळची कोणतीही पत्रे उघडा, सुरुवातीलाच ‘तुम्ही पत्र पाठविले ते पावले, वर्तमान कळले’ अशा धाटणीचा मजकूर सापडतो. अमक्या तिथीचे पत्र अमक्या तिथीला मिळाले, त्यात हे लिहिले होते, असे उत्तर देणारा आधी सांगतो आणि मग आपले म्हणणे मांडतो. आजच्या वाचकाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. ती कंटाळवाणी नव्हती, ती पोच होती. तुम्ही लिहिलेले मला मिळाले आणि मी ते असे समजलो, हे दाखवण्याची ती पद्धत होती. चूक झाली असेल तर पुढच्या पत्रात दुरुस्त करता येई.

बाकीच्या अडचणींवरही उपाय होते. मायन्यावरून लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नाते कळे. ‘विज्ञापना’ कोणी कोणाला करायची आणि ‘जाणिजे’ कोणी कोणाला म्हणायचे, हे ठरलेले होते. मोडी अक्षर भरभर लिहिता येई. मजकूर संपला तिथे मोर्तब उमटे, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसडू नये. जासूद बहुधा जोडीने धाडत, कारण एक आजारी पडला किंवा मारला गेला तरी दुसरा पुढे जाईल. महत्त्वाचा मजकूर दोन वाटांनी दोनदा पाठवला जाई. घाई असेल तेव्हा सांडणीस्वार निघत. दरबारोदरबारी वकील बसवलेले असत आणि त्यांचे मुख्य काम बातमी लिहिणे हेच असे. एवढी व्यवस्था असताना ती १७६० च्या उत्तरार्धात कोलमडली.

पहिला अडथळा वाटेचा. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब पटदूरहून उत्तरेस निघाले. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी दिल्ली घेतली. १७ ऑक्टोबरला यमुनाकाठचे कुंजपुरा जिंकले. धान्य आणि पैसा हाती आला. दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूला जबाबदार असलेला कुत्बशाह मारला गेला. हा मराठ्यांच्या मोहिमेचा कळस होता. पण त्यानंतर आठवडाभरातच अहमदशाह अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला. मराठी फौज उत्तरेला, दिल्ली दक्षिणेला आणि मध्ये अब्दाली. लष्करी दृष्टीने याचा अर्थ रसद तुटणे. संवादाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पुण्याकडे जाणारी प्रत्येक चिठ्ठी आता शत्रूच्या छावणीला वळसा घालून जाणार होती. जासूद पकडले जाऊ लागले. अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडण्याचे काम ज्यांच्यावर होते, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात अचानक छापा पडून मारले गेले. छावणीला बाहेरच्या जगाशी जोडणारा आणखी एक धागा तुटला.

पानिपत ते पुणे हे अंतर सुमारे पंधराशे किलोमीटरचे. वाट मोकळी असतानाही पत्राला आठवड्यांचा वेळ लागे. म्हणजे हाती पडलेले पत्र नेहमीच जुन्या दिवसाचे असे. वाट तुटल्यावर तर पेशव्यांना दिसत होते ते आकाशातल्या ताऱ्यासारखे होते : प्रकाश आत्ता पोहोचतो, तारा कधीच दुसरीकडे गेलेला असतो.

नानासाहेबांवरचा एक आरोप इथे तपासून पाहण्यासारखा आहे. डिसेंबर १७६० च्या अखेरीस पैठण येथे त्यांनी दुसरा विवाह केला. भाऊ पानिपतावर उपाशी आणि पेशवे बोहल्यावर, हे चित्र इतिहासकारांना आणि कादंबरीकारांना फार बोचले आहे. ते बोचण्यासारखेच आहे. पण न्याय करताना त्या दिवशी पेशव्यांच्या हातात काय होते, हे विचारायला हवे. विजयाच्या बातम्या सविस्तर आणि वेळेवर आल्या होत्या. संकटाच्या बातम्या उशिरा, तुटक आणि कमी येत होत्या. एखाद्या माणसाची पत्रे येईनाशी झाली की त्याचे दोन अर्थ होतात : सारे ठीक आहे, किंवा सारे बिघडले आहे. मन बहुधा पहिला अर्थ निवडते. नानासाहेब निर्दोष होते असे मला म्हणायचे नाही. शांततेला उत्तर समजण्याची चूक त्यांच्या हातून झाली, आणि ती चूक राजे-महाराजेच करतात असे नाही.

दुसरा अडथळा वाटेचा नव्हता, ऐकण्याचा होता. मोहिमेत भाऊंच्या बरोबर उत्तरेची नस ओळखणारी माणसे होती. मल्हारराव होळकरांनी उत्तरेत आयुष्य घालवले होते. भरतपूरचा सूरजमल जाट तर तिथलाच राजा. बायकामुले आणि अवजड सामान मागे सुरक्षित जागी ठेवावे, हलक्या फौजेने शत्रूला सतावावे, असे यांचे म्हणणे होते. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर होता. उदगीरच्या लढाईत, त्याच वर्षाच्या आरंभी, त्या तोफांनी निजामाला नमवले होते. अनुभवाने शिकवलेली गोष्ट माणूस सहज सोडत नाही. दोघे एकाच डेऱ्यात बसले होते, भाषेची अडचण नव्हती, जासूद पकडला गेला नव्हता. तरी म्हणणे पोहोचले नाही. दिल्ली घेतल्यानंतर सूरजमल छावणी सोडून गेला. पंधराशे किलोमीटर ओलांडणे कठीण खरे, पण कधीकधी एका बैठकीची रुंदी त्याहून मोठी ठरते.

तिसरी गोष्ट शत्रूशी संवादाची, आणि ती सर्वांत चटका लावणारी आहे. अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. त्याने १७८० साली पानिपतची हकीकत फार्सीत लिहिली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेली म्हणून ती मोलाची मानतात. भाऊंनी शुजाशी बोलणे लावण्यासाठी याच काशीराजाचा आधार घेतला. एकाच मुलखातला माणूस, आपली भाषा जाणणारा, आणि शत्रूच्या दरबारात वजन असलेला : दोन छावण्यांमध्ये याहून चांगला पूल मिळणे अवघड. शुजाचा कल तडजोडीकडे होता. नजीबखान रोहिल्याने मात्र तहाला ठाम विरोध केला. पूल होता, पण पलीकडच्या काठावर दार उघडायला एकमत नव्हते.

१४ जानेवारीच्या पहाटे भाऊंच्या हातची एक छोटी चिठ्ठी काशीराजापाशी आली. प्याला काठोकाठ भरला आहे, आणखी थेंबही मावणार नाही, काही करता येत असेल तर करा, नाहीतर स्पष्ट कळवा, पुढे लिहायला वा बोलायला वेळ उरणार नाही, असा तिचा मथितार्थ होता. काशीराज ती घेऊन शुजाकडे गेला. तेवढ्यात हेर सांगत आले की मराठी फौज बाहेर पडली आहे. निरोप योग्य माणसाने, योग्य भाषेत, योग्य हातातून पाठवला होता. फक्त त्याची वेळ टळली होती. दुपारी विश्वासराव पडले आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले.

आता परत त्या सावकारी चिठ्ठीकडे येऊ. राज्याची व्यवस्था गप्प झाली तेव्हा व्यापाऱ्यांची कशी चालली? हुंडीचा धंदा मुळात विश्वासावर चालतो. एका गावच्या पेढीने लिहिलेला कागद दुसऱ्या गावची पेढी मानते, कारण दोघांचे हित एकच असते. फौज हरली की हुंड्या बुडतात, म्हणून बातमी आधी कळणे हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. त्यांचा कासीद कोणत्याही पक्षाचा जासूद नव्हता, त्यामुळे त्याला वाट मिळण्याची शक्यता जास्त. आणि मजकूर अशा सांकेतिक भाषेत होता की पकडणाऱ्या परक्याला त्यात फक्त तोटा दिसावा. तीच चिठ्ठी नानासाहेबांच्या हाती पडली तेव्हा मात्र शब्दकोशाची गरज लागली नाही. सांगणारा आणि ऐकणारा यांची जगे एक असतील तर चार शब्द पुरतात.

पण ती चिठ्ठी पुरेशी नव्हती, कारण पोच कोणाची घ्यायची? विश्वासरावांचे प्रेत ओळखले गेले. शुजाच्या छावणीतल्या हिंदू मंडळींनी अंत्यसंस्कार केले. भाऊंच्या बाबतीत शिर नसलेल्या धडाची ओळख खुणांवरून पटवण्यात आली. ते खात्रीलायक वर्तमान होते, पण ते शत्रूच्या गोटातून आले होते. पुण्याच्या घरातल्या एका व्यक्तीने ते मानले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या आणि तिथून परतल्या होत्या. त्यांनी वैधव्य पत्करले नाही. १७८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर, म्हणजे बावीस वर्षे, त्या सौभाग्यवती म्हणून राहिल्या.

या न मिटलेल्या शंकेतून तोतया जन्मला. आपण भाऊसाहेब आहोत असे सांगणारा इसम पुढे आला, कैद झाला, रत्नागिरीहून सुटला, आणि १७७६ मध्ये त्याने कोकणातील किल्लेही काही काळ ताब्यात घेतले. अखेर त्याला मृत्युदंड झाला. त्याच्या मागे लोक का गेले? काही स्वार्थापोटी, काही आशेपोटी. पक्की बातमी जिथे पोहोचत नाही, तिथली जागा रिकामी राहत नाही. तिथे अफवा येऊन राहते. नानासाहेब मात्र तोतयाच्या आधीच गेले होते. खचलेल्या मनाने २३ जून १७६१ रोजी त्यांनी पर्वतीवर देह ठेवला.

पानिपतातून जिवंत परतलेल्यांत एक अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याची आई त्या पळापळीत हरवली आणि पुन्हा भेटली नाही. त्याने पुढे लिहिलेल्या छोट्या आत्मचरित्रात ते दिवस आले आहेत. हा मुलगा म्हणजे बाळाजी जनार्दन, नाना फडणीस. पुढे नानाची ख्याती झाली ती तलवारीमुळे नव्हे, बातमीमुळे. कोणत्या दरबारात काय शिजते आहे हे त्याला पुण्यात बसून कळे, असे इंग्रजही मानत. वकिलांची पत्रे, हेरांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची उत्तरे यांनी त्याचे दफ्तर भरले. या चिकाटीचे मूळ पानिपतात शोधणे हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण बातमी न मिळण्याची किंमत ज्याने आईच्या रूपाने मोजली, तो माणूस आयुष्यभर वर्तमान गोळा करत बसला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मराठी भाषेने या साऱ्याचा सारांश केव्हाच करून ठेवला आहे. कोणी भरवसा ठेवायला सांगितले की जुनी माणसे म्हणतात, विश्वास तर पानिपतात गेला. नावावरची ही कोटी हसण्यासाठी केली जाते. तिच्यातला दुसरा अर्थ तितकाच खरा आहे. वाट बांधता येते, भाषा शिकता येते, जासुदांची जोडी धाडता येते. पण समोरच्याचे म्हणणे खरे असू शकेल एवढा विश्वास डेऱ्यात शिल्लक नसेल, तर जवळ बसलेल्या माणसाचा निरोपही पोहोचत नाही. आणि ज्याचे पत्र बरेच दिवसांत आले नाही, त्याचे सारे ठीक असेल असे समजून आपण पुढच्या मुक्कामाला निघतो.