जतचे गावदप्तर आणि फेरफाराची रीत

सांगली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील जत हे डफळे घराण्याचे संस्थान १८२० च्या तहानंतर सातारच्या छत्रपतींच्या अधिपत्याखाली राहिले. १८२७ मध्ये कर्जफेडीसाठी छत्रपतींनी ते जप्त केले व १८४१ मध्ये परत दिले, सातारचे राज्य खालसा होताच ते इंग्रजांचे मांडलिक बनले, १८७४ ते १८८५ या काळात इंग्रजांनी त्याचा कारभार स्वतःकडे घेतला, आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. सत्ता अशी वारंवार पालटली, तरी कोणते शेत कोणाच्या वहिवाटीस आहे आणि त्यावर किती बाकी थकली आहे हे जाणल्यावाचून नव्या धन्याला सारा वसूल करता येत नव्हता, आणि ही माहिती गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात असे.

कुलकर्णी हा गावचा वतनदार लेखनिक होता. मोडी लिपीत तो कुळवार हिशेब, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचे जमाबाकीचे खाते, लिहीत असे, आणि परगण्याच्या पातळीवर देशपांडे स्वतंत्र दप्तर राखत असल्यामुळे एका जागची लबाडी दुसरीकडे उघडी पडण्याची सोय होती. ही सोय पुरेशी होती असे मात्र म्हणता येत नाही, कारण दप्तर ज्याच्या घरात, वाचणारा तोच आणि अर्थ लावणाराही तोच, अशी स्थिती असताना गरीब कुळाने दाद मागावी कोणाकडे? १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द होऊन पगारी तलाठी आला, तेव्हा या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले.

उरलेले निम्मे उत्तर नोंदीच्या रीतीत होते, आणि आज माहितीसाठ्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांनी लक्ष द्यावे असे या इतिहासात काही असेल तर ते हेच. मुंबई इलाख्यात १९०३ पासून रुजलेल्या हक्कनोंदणीच्या पद्धतीत एकच माहिती दोन अंगांनी मांडली जाते: गाव नमुना सात व बारा, अर्थात सातबारा, गटवार किंवा सर्व्हे क्रमांकवार असतो, तर आठ-अ खातेदारवार असतो, त्यामुळे शेतावरून माणूस आणि माणसावरून शेत शोधता येते. विक्री झाली वा खातेदार मयत झाला की तलाठी आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून बदल लिहितो, चावडीवर नोटीस लावतो, हितसंबंधितांना कळवतो आणि हरकत आल्यास ती सहा-अ मध्ये घेतो. ती नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार तलाठ्याला नसून मंडळ अधिकारी वा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला आहे. प्रमाणित झाल्यावरही सातबाऱ्यावरील जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करून नवे नाव फेरफार क्रमांकासह लिहितात. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, तसेच जुने पुसायचे नाही, हे दोन्ही दंडक संगणकाच्या कितीतरी आधी कागदावर स्थिरावले होते.

संगणकीकरणात हस्तलिखित सातबारे यंत्रात चढवताना क्षेत्राचे आकडे चुकले, नावे गळली, आणि ई-फेरफार प्रणाली आल्यावर मूळ प्रतीशी मेळ घालण्याचे कंटाळवाणे काम तलाठ्यांच्या वाट्याला आले. अशी लेखनप्रमादाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त होते, आणि त्या आदेशालाही फेरफार क्रमांक पडतो.