डोंगर कोणाच्या नावावर? बोरघाटातील ठेक्यांची गोष्ट

मार्च १८५९ मध्ये विल्यम फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराने बोरघाटातील रेल्वेचा ठेका सोडून दिला. हा माणूस नवखा नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तो मार्ग बांधणाऱ्या ठेकेदारांतला तो एक. जानेवारी १८५६ मध्ये त्याने घाटाचे काम सुरू केले आणि तीन वर्षांत हात टेकले. का टेकले, हा प्रश्न रेल्वेच्या इतिहासात दोन ओळींत आटोपला जातो. मला तो आजच्या द्रुतगती मार्गावरच्या कोंडीशी जोडलेला दिसतो. घाटात गाडी तासभर अडकली की आपण दरड, अपघात आणि शनिवार-रविवार यांना बोल लावतो. त्या रस्त्यामागे एक करारपत्रही असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

आधी रस्त्याचे सांगतो. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता सर जॉन माल्कम या गव्हर्नराने १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. त्या दिवशी काम पुरे झालेले नव्हते. तरीही लाटसाहेब मित्रमंडळींसह गाड्यांतून घाट उतरले. (उद्घाटन आधी आणि काम मागाहून, ही रीत आपल्याकडे हल्लीची नाही.) बैलांच्या पाठीवरून जाणारा कापूस आता गाड्यांतून उतरू लागला आणि पुढे तोच कापूस मुंबईच्या व्यापाऱ्यांना आगगाडीची स्वप्ने दाखवू लागला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने १८५२ पासून घाटाच्या पाहण्या केल्या. नकाशे, चढ, बोगद्यांच्या जागा हे सगळे कंपनीच्या अभियंत्यांनी ठरवले आणि मग ठेका दिला. म्हणजे आराखडा एकाचा, बांधणी दुसऱ्याची. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आजही बहुतेक कामे अशीच निघतात. बी-वन म्हणजे अंदाजपत्रकावर टक्केवारी, बी-टू म्हणजे बाबवार दर. ठेकेदार दरसूची बघतो, 'इतके टक्के बिलो' असा आकडा टाकतो आणि काम घेतो. सपाटीवरच्या रस्त्याला हे चालून जाते. डोंगरात मात्र आकडा टाकायच्या दिवशी आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. बोरघाटाच्या चढावर सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट उंची गाठायची होती, पंचवीस बोगदे खणायचे होते. सह्याद्रीचा काळा पाषाण किती कठीण आहे, हे सुरुंगाचे भोक पाडायला बसलेल्या माणसालाच खरे कळते.

हे न कळलेले ओझे कोणी वाहायचे? भागधारकांनी तर नाहीच. त्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाणार होती. कंपनी सुरक्षित, कारण तिच्या मागे सरकार. उरला ठेकेदार. तो आपल्यावरचे ओझे पोटठेकेदारांवर, मुकादमांवर ढकलू लागला आणि ओघाओघाने ते मजुरीवर येऊन थांबले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटाच्या कामावर दंगल झाली, एका युरोपियनाचा जीव गेला, चौकशी नेमली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांत फॅव्हिएल बाहेर पडला. कार्यकारण इतके सरळ नसेल. त्याच्या हिशेबाच्या वह्या माझ्यासमोर नाहीत. पण क्रम हा असा आहे.

पुढची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, तरी पुन्हा सांगण्याजोगी. काम थांबले नाही. काही काळ कंपनीच्या अभियंत्यांनी ते स्वतः चालवले. मग त्याच वर्षी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने वारला. ठेका त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, आपल्या नावावर ठेवला. अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर या दोन अनुभवी व्यवस्थापकांच्या हाती रोजचे काम सोपवून तो पुरा केला. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० माणसे एका वेळी राबत होती. पटकीने आणि तापाने किती गेली, याचे अंदाज हजारोंत आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. करारात बोगद्याचा यार्डही मोजला जात होता. माणसे मोजण्याची बाब त्यात नव्हती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी मार्ग खुला केला. बर्कले तो पाहायला नव्हता. आदल्याच वर्षी तो इंग्लंडात वारला होता.

आणि १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, याच घाटातला माऊकी मळीचा कमानीपूल कोसळला. चौकशीत दगडी बांधकामाचा दर्जाच निकृष्ट निघाला आणि कंपनीच्या इतर पुलांवरही संशयाची सावली पडली. स्वस्तात आणि घाईने घेतलेल्या कामाची किंमत चार वर्षांनी वसूल झाली, ती सरकारी हमीच्याच पैशातून.

आता सव्वाशे वर्षे ओलांडू. १९९० मध्ये राज्य सरकारने राइट्स आणि स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक यांना मुंबई-पुणे नव्या मार्गाचा अभ्यास करायला सांगितले. खासगी उद्योगाकडून बांधून घ्यायचे ठरले, निविदा आल्या, सर्वांत कमी निविदा रिलायन्सची, सुमारे ३,६०० कोटींची. युती सरकारने ती नाकारली. नितीन गडकरी तेव्हा बांधकाममंत्री होते. मार्च १९९७ मध्ये काम नव्याने स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाकडे गेले. तीस वर्षे पथकर वसूल करण्याचा हक्क त्याला मिळाला. महामंडळाने बाजारातून कर्जरोखे उभारले, मार्गाचे तुकडे पाडून चार ठेकेदारांना दिले आणि सुमारे १,६३० कोटींत ९४.५ किलोमीटरचा रस्ता २००२ पर्यंत पुरा केला. या दोन आकड्यांची सरळ तुलना सभांतून नेहमी होते. ती पुरती न्याय्य नाही, कारण खासगी बोलीत कर्जाची आणि अनिश्चिततेची भीतीही मोजलेली असते. तरीही मोठी गोष्ट घडली: जोखीम ओळखून ती सरकारने स्वतःकडे घेतली आणि म्हणून ती स्वस्त पडली.

घाटाने मात्र तडजोड करायला लावली. खोपोली ते खंडाळा या टप्प्यात द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिका आणि जुन्या महामार्गाच्या चार मार्गिका एकत्र येतात. दहा मार्गिकांचे पाणी सहांच्या पन्हाळीत. कोंडीचे मूळ इथे आहे. त्यात १८३० सालचा अमृतांजन पूल होता, ज्याचे खांब रस्त्यातच पाय रोवून उभे होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो सुरुंग लावून पाडला. त्याच्या आधी, जुलै २०१५ मध्ये, आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसे दगावली होती.

यावर उपाय म्हणून खोपोली ते कुसगाव हा १३.३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' आखला गेला: दोन बोगदे, त्यांतला मोठा जवळपास नऊ किलोमीटरचा, आणि दरीवर उंच पूल. अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी. काम २०१९ मध्ये सुरू झाले. ठेक्याची तऱ्हा ईपीसी, म्हणजे आराखडा, खरेदी, बांधणी सगळे एकाच ठेकेदाराकडे आणि एकरकमी किमतीत. फॅव्हिएलच्या ठेक्याहून ही पद्धत वेगळी, पण मूळ अडचण तीच: किंमत आधी, डोंगर मागाहून. पुरे होण्याच्या तारखा एकामागून एक पुढे गेल्या, याचे नवल वाटू नये.

अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून आराखडा आणि बांधणी एकाच हाती देण्याची चाल महामार्गांवर रुळली. सॉल्ट लेक सिटीतला आय-१५ महामार्ग २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकपूर्वी असाच नव्याने बांधून काढला, तोही मुदतीआधी. पण किंमत तिथेही पहिल्याच दिवशी बांधलेली. त्याची पुढची पायरी म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह डिझाइन-बिल्ड'. आपण तिला पायरीपायरीचा ठेका म्हणू. यात ठेकेदार प्रामुख्याने पात्रतेवर निवडतात, किमतीवर नव्हे. मग मालकाचे आणि ठेकेदाराचे अभियंते एका टेबलावर बसतात, भोके पाडून खडक तपासतात, आराखडा पुढे नेतात. दरांचा हिशेब दोघांसमोर उघडा असतो. आराखडा निम्म्याहून पुढे सरकला की किंमत ठरते. नाही पटली, तर मालक झालेल्या कामाचे पैसे देतो, नकाशे ताब्यात घेतो आणि दुसऱ्याकडे जातो. कोंडी असलेल्या रस्त्यावर याचा एक फायदा उघड आहे: वाहतूक चालू ठेवून काम कसे करायचे, हे यंत्रे चालवणारा माणूस नकाशा काढतानाच सांगू शकतो.

आपल्याकडे हे जमेल का? सर्वांत कमी बोलीची सवय आपल्या रक्तात आहे, आणि तिला कारणही आहे. कमी आकड्याला काम दिले की लेखापरीक्षक विचारत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने बांधकामांतही गुणवत्तेला जास्तीत जास्त तीस टक्के वजन देण्याची मुभा दिली, हे धाडसच म्हणायचे. पण 'किंमत नंतर ठरवू' अशी टिपणी कोणता कार्यकारी अभियंता फाइलवर लिहील? ज्या देशात 'एक्स्ट्रा आयटम' हा शब्द उच्चारला की ऐकणारे डोळा मारतात, तिथे उघडा हिशेब उघडाच राहील याची खात्री कोणी द्यायची?

माझी शंका मात्र भ्रष्टाचारापेक्षा वेगळ्या जागी आहे. निघून जाण्याची वाट तेव्हाच खरी, जेव्हा मालकाला ठेकेदाराशिवाय काम समजते. १८५९ मध्ये ठेकेदार गेला तरी कंपनीचे अभियंते घाटात उभे राहून काम चालवू शकले, कारण पाहण्या त्यांनी केल्या होत्या, नकाशे त्यांचे होते. आज आपल्या खात्यांत आराखडा सल्लागाराकडे, तो तपासायला दुसरा सल्लागार, देखरेखीला तिसरा. खात्याच्या अभियंत्याकडे उरते मोजमाप पुस्तिका आणि सही. असा मालक ठेकेदारासमोर टेबलावर बसला, तर सौदा कोण ठरवेल?

पुण्या-मुंबईच्या अभिलेखागारांत जुन्या ठेक्यांचे कागद अजून धूळ खात आहेत. 'मिसिंग लिंक'चे भूगर्भीय अहवाल, निविदेआधी घेतलेल्या खडकाच्या नमुन्यांची संख्या आणि ठेकेदारांनी नंतर केलेले वाढीव दावे हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला मिळाले, तर १८५९ च्या मार्चविषयीही काही नवे कळेल असे मला वाटते.