तेलताडाची आनुवंशिकी व पीक सुधारणा

तेलताड अथवा ऑइल पाम (शास्त्रीय नाव: एलाइस गिनीन्सिस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील मूळचा, ताड कुलातील वृक्ष असून पामतेलासाठी त्याची लागवड केली जाते. त्यापासून हेक्टरी सरासरी तीन ते चार टन तेल मिळते. सोयाबीनचे तेल हेक्टरी जेमतेम अर्ध्या टनापर्यंत जाते. आजची व्यापारी लागवड जवळजवळ संपूर्णपणे ‘टेनेरा’ या संकरित प्रकाराची आहे. हा संकर फळातील करवंटीची जाडी ठरविणाऱ्या एकाच जनुकावर आधारलेला असल्यामुळे, तेलताडाच्या आनुवंशिक संशोधनाचा इतिहास हा बराचसा या करवंटीचा इतिहास आहे.

करवंटीचे तीन प्रकार

तेलताडाचे फळ बोराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असते. त्याच्या बाहेरील तंतुमय गरापासून पामतेल मिळते आणि आत करवंटीत असलेल्या मगजापासून पाम-मगज तेल मिळते. ‘ड्यूरा’ झाडाच्या फळात करवंटी जाड व गर कमी असतो. ‘पिसिफेरा’मध्ये करवंटी नसते, मात्र बहुतेक पिसिफेरा झाडांचे मादी फुलोरे वांझ असतात व घड पक्व होण्याआधीच कुजतात. ‘टेनेरा’ या दोहोंच्या मधला: करवंटी पातळ, तिच्याभोवती काळसर तंतूंचे कडे आणि गर भरपूर. ड्यूराच्या तुलनेत टेनेरापासून सुमारे तीस टक्के अधिक तेल मिळते.

हे तीन प्रकार आफ्रिकेतील लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु त्यांचा परस्परसंबंध उलगडत नव्हता. टेनेराचे बी पेरले तर काही झाडे टेनेरा, काही ड्यूरा तर काही वांझ निघत. बेल्जियन काँगोमधील यांगांबी येथील संशोधन केंद्रातील बेर्नार्ट व व्हांडरवेयेन यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की, टेनेरा हा स्वतंत्र वाण नसून ड्यूरा व पिसिफेरा यांचा संकर आहे. करवंटीच्या जनुकाची दोन रूपे असतात. दोन्ही प्रती एका रूपाच्या असल्या तर ड्यूरा, दोन्ही दुसऱ्या रूपाच्या असल्या तर पिसिफेरा, आणि दोन्ही रूपांची एकेक प्रत असली तर टेनेरा. म्हणून टेनेराचा टेनेराशी संकर केल्यास संततीत ड्यूरा, टेनेरा व पिसिफेरा यांचे प्रमाण १:२:१ असे येते. शालेय पुस्तकांतून मेंडेलचा वाटाणा सर्वांच्या परिचयाचा असतो; त्याच नियमाचे याहून मोठे आर्थिक उदाहरण क्वचितच सापडेल.

या शोधामुळे बीजोत्पादनाची रीत बदलली. ड्यूरा मातृवृक्षाच्या फुलोऱ्यावर पिशवी बांधून त्यावर पिसिफेराचा पराग टाकला की सर्व संतती टेनेरा निघते. दुसऱ्या बाजूने पाहता, शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतील बी राखून रोपे केली तर सुमारे निम्मीच झाडे उपयोगी ठरतात. त्यामुळे प्रत्येक लागवडीसाठी त्याला बीजोत्पादकावर अवलंबून राहावे लागते.

पितृवृक्षाची पारख हा यातील अवघड भाग आहे. पिसिफेराला घडच येत नसल्याने त्याचे गुण थेट मोजता येत नाहीत. वळूची पारख जशी त्याच्या कालवडींच्या दुधावरून करतात, तशी पिसिफेराची पारख त्याच्या टेनेरा संततीवरून करावी लागते. हेक्टरी सुमारे १४३ झाडे बसतात व अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. त्यामुळे निवडीच्या एका फेरीला दहा वर्षांहून अधिक काळ जातो.

‘शेल’ जनुक व रोपांची चाचणी

२०१३ मध्ये मलेशियन पाम ऑइल बोर्डातील राजिंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलताडाचा जीनोम आणि करवंटीचे ‘शेल’ हे जनुक ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेलताडात गुणसूत्रांच्या सोळा जोड्या असून जीनोमचा आकार सुमारे १.८ अब्ज बेसजोड्या आहे.

या शोधाचा खरा उपयोग रोपवाटिकेत आहे. वारा किंवा कीटकांमुळे परका पराग फुलोऱ्यावर पडला, तर टेनेरा म्हणून विकलेल्या रोपांत ड्यूरा मिसळतात. रोप पाहून हा भेद कळत नाही. फळ धरेपर्यंत रोपवाटिकेतील वर्ष धरून चार वर्षे जातात. तोवर खत, पाणी व जागा खर्ची पडलेली असते आणि कमी तेलाचे ते झाड पुढे पंचवीस वर्षे बागेत उभे राहते. मलेशियातील स्वतंत्र उत्पादकांच्या २०१६ मधील पाहणीत अशी भेसळ सुमारे अकरा टक्के आढळली. मोठ्या मळ्याला ही तूट सोसता येते, लहान बागायतदाराला नाही. आता पानाच्या तुकड्यावरून रोपाचा प्रकार ओळखता येतो.

चार झाडांची संतती

१८४८ मध्ये जावा बेटावरील बोगोर (तेव्हाचे ब्यूटेनझॉर्ख) येथील वनस्पती उद्यानात तेलताडाची चार रोपे लावण्यात आली. त्यांची संतती सुमात्रातील देली प्रांतात पोहोचली व ‘देली ड्यूरा’ म्हणून प्रसिद्धीस आली. आग्नेय आशियातील मातृवृक्ष बहुतांशी याच चार झाडांचे वंशज आहेत. पितृवृक्षांची स्थितीही फारशी वेगळी नाही: ‘अॅव्हरॉस’ हा प्रमुख पिसिफेरा वंश काँगोतील एआला येथील ‘जोंगो’ नावाच्या एका झाडापर्यंत मागे जातो. एवढ्या अरुंद पायावर इतके विस्तीर्ण पीक उभे असणे धोक्याचे आहे. वाण एकसारखे असले की रोगाला वाट मोकळी मिळते. गॅनोडर्मा बुरशीमुळे होणारी बुंधा-कूज त्या प्रदेशातील बागांना पोखरत आहे. १९७३ मध्ये मलेशियाच्या संशोधकांनी नायजेरियातून मोठा बीजसंग्रह आणला, तो याच कारणासाठी.

ऊतिसंवर्धन आणि ‘कर्मा’

उत्तम टेनेरा झाडाची तंतोतंत प्रत काढण्यासाठी १९७० च्या दशकात ऊतिसंवर्धन सुरू झाले. पुढे काही झाडांना ‘मँटल्ड’ म्हणजे झालर धरलेली विकृत फळे येऊ लागली; फुलातील पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरासारखे भाग वाढत व घड वाया जात. २०१५ मध्ये कारण सापडले. ‘डेफिशियन्स’ या जनुकात ‘कर्मा’ नावाचा एक फिरता जनुकखंड असतो व त्यावरील मिथाइल गटांचे आवरण निघून गेले की ही विकृती येते. जनुकाचा अक्षरक्रम मात्र तोच राहतो. ‘कर्मा’ हे नाव संस्कृत ‘कर्म’वरून आलेले असून आवरण गेलेल्या अवस्थेला संशोधकांनी ‘बॅड कर्मा’ म्हटले आहे.

अमेरिकन तेलताड

मध्य व दक्षिण अमेरिकेतील एलाइस ओलेइफेरा ही जाती बुटकी, मंद वाढणारी असून तिचे तेल अधिक असंतृप्त असते. कोंब कुजण्याच्या रोगाने कोलंबियातील तुमाको भागातील बागा उद्ध्वस्त झाल्यावर तेथे आफ्रिकन व अमेरिकन जातींचा रोगसहनशील संकर लावण्यात आला. या संकराचा पराग दुर्बल असल्याने परागीकरण मजुरांकडून करवून घ्यावे लागते व खर्च वाढतो.

भारत

भारतात या पिकाचे संशोधन आंध्र प्रदेशातील पेदवेगी येथील भारतीय तेलताड संशोधन संस्थेत चालते. केरळातील पालोडे येथे तिचे प्रादेशिक केंद्र आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने खाद्यतेल–तेलताड राष्ट्रीय अभियान जाहीर केले. त्यात २०२५-२६ पर्यंत लागवड दहा लाख हेक्टरांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. एवढ्या क्षेत्रासाठी लागणारे टेनेरा बियाणे देशातील बीजोद्याने पुरवू शकत नसल्यामुळे अंकुरित बियाणे परदेशांतूनही आयात केले जाते.