तोडा, चकमक आणि संगीन

मराठी सैन्याचा धडा घेऊ लागलो, की वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर घोडेस्वार उभे राहतात. पायी चालणाऱ्या शिपायाची आठवण कोणी काढीत नाही. वास्तविक गड राखले ते त्याने. पुढील दीडशे वर्षांत त्याच्या हातातले हत्यार बदलले, आणि त्याबरोबर तोही बदलला. ती हकीकत फराळाच्या पंगतीत सांगण्याजोगी आहे.

शिवकाळातील मावळ्याजवळ ढाल-तलवार किंवा भाला असे; काहींजवळ तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे शोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती धुमसत ठेवायची आणि बंदुकीच्या कानातल्या दारूला टेकवायची, की बार उडे. आपल्या भुईनळ्यातला शोराही तोच! परंतु पाऊस आला की तोडा विझे आणि बंदुकीची नुसती काठी होई. म्हणून कमरेची तलवार सुटली नाही. नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी या पायदळाची उतरंड होती. त्यांतले पहिले दोन हुद्दे आपल्या सैन्यात आजही आहेत.

युरोपात बंदूकवाल्यांच्या रक्षणासाठी लांब भाल्यांची रांग उभी करीत. १७०० च्या सुमारास तेथे चकमकीची बंदूक व तिच्या तोंडाशी बसणारी संगीन रूढ झाली, आणि भालेकऱ्याचे काम बंदूकवाल्याकडेच आले. ही कवायती विद्या फ्रेंचांनी दक्षिणेत रुजविली. बुसीच्या तालमीतला इब्राहिमखान गारदी पुढे सदाशिवरावभाऊंकडे आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली, आणि त्यांतले बहुतेक तेथेच पडले. बारा वर्षांनी, १७७३ साली, दुसऱ्या गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा प्राण घेतला. कवायत दोघांची एक. इमान मात्र निराळे.

महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयनकडून पलटणी उभारविल्या. आग्र्यास तोफा-बंदुका तयार होऊ लागल्या. आमच्या खानदेशाच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच पलटणींशी झुंजताना वेलस्लीची सुमारे दीड हजार माणसे मेली वा जखमी झाली. तरी लढाई हातची गेली. बंदूक आपली होती, पण हुकूम देणारे गोरे अंमलदार पगारी होते. युद्ध पेटताच त्यांतले कित्येक नोकरी सोडून गेले.

या साऱ्या उलथापालथीत आमच्या साक्रीकडच्या डोंगरांतील भिल्लाने तिरकमठा सोडला नव्हता. त्याला ना दारू लागे, ना तोडा. बाण सुटल्याचा आवाजही होत नसे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये औट्रमने धरणगावास भिल्ल पलटण उभी केली, तिरकमठ्याच्या हाती बंदूक दिली, आणि ती बंदूक पुढे बंड करणाऱ्या भिल्लांवरच रोखली गेली.

मुलांना म्हणूनच मी सांगतो : हत्यार कोणते होते हे जरूर पाठ करा, पण ते कोणाच्या हुकमाने चालले, हे आधी विचारा.