कर्नाळा, वासुदेव बळवंत आणि हरवलेली वही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज, मग रिलीजनंतरचे बग, मग त्या बगांचे बग... असो.

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन कर्नाळ्याला गेलो होतो. तो पाचवीत आहे. इथे त्याला चिंटू म्हणू. ताई नवीन पनवेलला राहते आणि तिच्या घरी रात्री नऊला एक ठरलेला प्रयोग होतो. "आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय." "कधी सांगितलं होतं?" "मागच्या सोमवारी." मग ताईचा आवाज, चिंटूचं रडणं आणि भावजी चार्टपेपर शोधायला बाहेर! पोरगं हुशार आहे हो, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगेल. पण दप्तर भरणं, गृहपाठाला बसणं, केलेला गृहपाठ बाईंना नेऊन देणं, यातली एक तरी पायरी गळतेच. शाळेच्या डायरीत शेरा: 'मुद्दाम दुर्लक्ष करतो.'

शेवटी समुपदेशक बाईंकडे नेलं आणि 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' हा शब्द घरात आला. म्हणजे काय, तर माहिती डोक्यात असते, पण काम कधी सुरू करायचं, कशानंतर काय, किती वेळ लागेल, हे बघणारा आतला मुकादम कच्चा असतो. आमच्या भाषेत प्रोसेसर झकास, शेड्युलर गंडलेला.

तर कर्नाळ्याच्या अलीकडे, महामार्गावरच शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचा जन्म १८४५चा. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार, १८१८मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला तोपर्यंत. मी लगेच मामागिरी सुरू केली. म्हटलं, "चिंटोबा, यांचं पण शाळेत मन रमत नव्हतं. कुस्ती आणि घोडा जास्त आवडायचा. शाळा अर्धवट सोडली आणि पुढे आद्यक्रांतिकारक झाले!"

चिंटू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मग मी पण सोडू का?"

माझी बोलतीच बंद. चढताना पूर्ण वेळ तोच प्रश्न डोक्यात होता, म्हणून हा लेख.

'थोर माणसंही शाळेत मागे होती' हे औषध आपण सर्रास पाजतो. पण इतिहास नीट बघितला तर ते लागू पडत नाही. एक तर वासुदेव बळवंतांना आज कुठलंही लेबल लावणं चूक आहे. शाळा सोडणाऱ्या या माणसाने पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात सुमारे पंधरा वर्षं कारकुनी केली. १८७९च्या बंडाच्या धामधुमीतही तो रोजनिशी लिहीत होता. डोक्यातला मुकादम कच्चा असलेल्या माणसाचं हे वर्णन नव्हे.

दुसरं म्हणजे, तेव्हाची शाळाच वेगळी होती. जुनी पंतोजींची शाळा आठवा (आठवा म्हणजे, वाचलेली!). कुणाच्या तरी ओसरीवर, धुळपाटीवर, ज्याची जशी गती तसा पुढचा धडा. तिचे गोडवे गायचे नाहीत. छडी सढळ होती आणि मुलींना, दलितांना तिथे दार बंदच होतं. पण पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास, सात विषयांच्या सात वह्या आणि 'शुक्रवारपर्यंत जमा करा' हे तिथे नव्हतं. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं आलं १८५५ला, विद्यापीठ १८५७ला, पहिली मॅट्रिक १८५९ला. घंटा, वेळापत्रक, इयत्ता आणि परीक्षा यांची घट्ट साखळी त्याच सुमारास बसत गेली. कचेरीला वेळेवर येणारा, कागद जागच्या जागी ठेवणारा माणूस हवा होता. आपण ज्याला 'साधं, वेळेवर वही दे' म्हणतो ते मुळात साधं नाहीच. कचेरीचं काम आहे ते, आणि आपण ते दहा वर्षांच्या पोराकडून करून घेतोय.

आणि तेव्हा घंटा न पेलणाऱ्या मुलाला बाहेरचं दार उघडं होतं. घरची शेती, तालीम, घोडा. वासुदेव बळवंत पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत गेले, तिथे गुरू मिळाला. आज ते दार बंद आहे, आणि ते बरंच आहे. २००९च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा हक्क झाला. मग आता बाकावर बसवलेल्या प्रत्येक मुलाला जमेल अशी शाळा करणं हे आपलं काम, नाही का?

गंमत बघा, वासुदेव बळवंतांनाही शाळा नकोशी नव्हती. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकरांबरोबर त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी! शाळा सोडणाऱ्याने शाळा काढली. चिंटूच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं आई-बापांसाठी. १९०२मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरने अशा मुलांवर व्याख्यानं दिली, त्यात बुद्धी ठीक पण 'नैतिक नियंत्रण' कमी, असा सूर होता. म्हणजे दोष स्वभावाचा. आमच्या डायरीतलं 'मुद्दाम' अजून तिथेच अडकलंय. महाराष्ट्राने १९९६मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना दहावीला सवलती दिल्या, २०१६च्या अपंगत्व कायद्यात अध्ययन अक्षमता आली. पण त्या यादीत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. वाचता येतं पण वही सापडत नाही, अशा मुलाची बाजू अजूनही आईलाच वर्गाच्या दारात उभं राहून मांडावी लागते.

आता गेटची गोष्ट. कर्नाळा अभयारण्यात शिरताना आमच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या आणि अनामत घेतली. परत येताना बाटल्या दाखवा, पैसे घ्या. वर सुळक्याखालच्या पाण्याच्या टाक्यांपाशी आम्ही तासभर रमलो. उतरताना मी माझी टोपी वरच विसरलो. चिंटूने मात्र दोन्ही बाटल्या आणल्या आणि खिडकीशी हात पुढे केला. "काका, आमचे पैसे."

तो अचानक शहाणा झाला नव्हता. मोजणी दारातच होती, पावती खिशात होती आणि फळ लगेच मिळणार होतं. आठवण त्याच्या डोक्यात नव्हती, गेटवर होती. आपण तरी काय करतो? स्टँडअप, कॅलेंडर, जिरा (फोडणीचं नव्हे)! पंचवीस लाखांच्या पॅकेजवाल्यांना रोज सकाळी दहाला आठवण करून द्यावी लागते, आणि चिंटूने सोमवारचं शुक्रवारी आपोआप आठवायचं?

रात्री ताईला हे सांगितलं. ती आधी चिडली, "तू ये रोज नऊला, मग बोल." खरंय. म्हणून आता रोज रात्री साडेसातला मी व्हिडिओ कॉल करतो. चपलांच्या रॅकवर एक फळा लावलाय, त्यावर चारच चौकोन: डायरी, वह्या, डबा, उद्या काय द्यायचंय. चिंटू एकेक वस्तू मला कॅमेऱ्यात दाखवतो आणि टिक करतो.

पहिल्या आठवड्यात पाचपैकी तीन दिवस जमलं. कंपासपेटी मात्र पुन्हा हरवली. फळ्यावर पाचवा चौकोन काढलाय.